इम्प्रेझा मागच्या चाकांवर आणली आणि पुढचं बेअरिंग तिसऱ्यांदा गेलं

"मामा, परत वाजाय लागलंय."

"कुठलं?"

"तेच की. डावीकडचं."

चार महिन्यांत हा तिसरा फोन. गाडी भाच्याची. सुबारूची पहिल्या पिढीची इम्प्रेझा, दोन लिटर टर्बो, रॅलीतून निवृत्त होऊन ट्रेलरवर चढून कोल्हापुरात आलेली. तिची चारही चाकं ओढतात, आणि ह्याला नेमकं तेच नको होतं. शिरोलीत ओळखीच्या कारखान्याचं एक मोकळं यार्ड आहे, रविवारी सकाळी तिथं गाडी आडवी घालून फिरवायची एवढीच त्याची हौस. पुढची चाकं ओढत असली की गाडी आडवी जाता जाता स्वतःच सरळ होते. म्हणून पुढची ताकद काढून सगळी मागं द्यायची ठरली.

रस्त्यावर चालवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आमची गाडी ट्रेलरवरून जाते, ट्रेलरवरून येते.

आता बेअरिंग. गाडी रिअर-व्हील करणारे बहुतेक जण इथंच अडकतात आणि खापर भलत्यावरच फोडतात. भाच्यानं पहिल्यांदा डुप्लिकेट मालाला शिव्या घातल्या, दुसऱ्यांदा प्रेसवर बेअरिंग बसवणाऱ्याला. तिसऱ्यांदा यार्डातल्या खड्ड्यांवर घसरला. बिल मात्र तिन्ही वेळा त्यानंच भरलं.

आधी मधला डिफरन्शियल

बेअरिंगकडं जाण्याआधी एक टप्पा उरकून घेतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

बऱ्याच पोरांच्या डोक्यात जिप्सी असते. जिप्सीचा लिव्हर टू-व्हीलवर घेतला की ती मागच्या चाकांवर चालते, मग हिचे पुढच्या चाकांना ताकद नेणारे दोन शाफ्ट काढले की झालं, असा हिशेब. पण जिप्सीला मधला डिफरन्शियलच नाही. तिथं पुढचा ओढा ट्रान्स्फर केसमध्ये सरळ तोडला जातो. इम्प्रेझाच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये शेपटाकडं एक डिफरन्शियल बसलेला असतो, तो ताकद पुढं आणि मागं वाटतो. डिफरन्शियलचा स्वभाव एकच, जिकडं अडथळा कमी तिकडं पळायचं. पुढचे शाफ्ट काढले की पुढं अडथळाच उरत नाही. गिअर टाकला, क्लच सोडला, तर पुढची मोकळी बाजू आत गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही.

खरं म्हणजे थोडी हलते, आणि तिथंच फसगत होते. त्या डिफरन्शियलला व्हिस्कस कपलिंग जोडलेलं असतं. एका बंद डब्यात घट्ट सिलिकॉन तेल आणि त्यात एकाआड एक पातळ चकत्या. दोन बाजूंच्या वेगात फरक पडला की ते तेल तापून चकत्यांना धरायला लागतं. त्या धरण्यावर गाडी रडतखडत पुढं सरकते आणि माणसाला वाटतं, जमलं की! पण ते कपलिंग क्षणभराच्या फरकासाठी बनवलेलं असतं. इथं फरक कायमचा, मग ते शिजून जातं.

म्हणजे मधला डिफरन्शियल बांधून टाकणं भाग. काही जण आतले गिअर वेल्ड करतात. कपलिंग त्याच पुडक्यात असतं आणि त्यात तेल कोंडलेलं असतं, तिथं वेल्डिंगची उष्णता द्यायला माझं मन होत नाही. आम्ही त्या जागी ईएन २४ या मजबूत पोलादाचा भरीव स्पूल, म्हणजे दोन्ही बाजू कायमच्या जोडणारा तुकडा, बनवला, आतले दाते वायरकटवर काढले आणि वर हार्डनिंग केलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, राहायचा हा एक फायदा. नमुना हातात दिला आणि काय हवं ते धड सांगता आलं, तर चार गल्ल्यांत वस्तू तयार होते. धड सांगता आलं नाही तरीही वस्तू तयार होतेच, फक्त वेगळी.

एकदा स्पूल बसला की पुढचे शाफ्ट परत जोडून गाडी डांबरावर वळवू नका. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग सारखा नसतो, आणि तो फरक गिळणारं मधे काही उरलेलं नसतं. सगळा पीळ दातांवर येतो.

आमच्या गाडीत आणखी एक नशिबाची बाब होती. जुन्या इम्प्रेझाला गिअरबॉक्समधून दातेरी शाफ्टचं टोक बाहेर आलेलं असतं, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट त्यावर चढतो आणि त्यातून आरपार पिन मारलेली असते. पिन ठोकून काढली की ड्राइव्ह शाफ्ट निघतो, टोक जागेवर राहतं, ऑइल सील शाबूत. स्पूलमुळं पुढचा डिफरन्शियल आत रिकामा फिरत राहतो, फिरू दे. ज्या गाड्यांत जॉइंटचा दांडाच बॉक्सच्या आत शिरतो, तिथं शाफ्ट ओढला की गिअर ऑइल पायावर येतं. तिथं जुन्या जॉइंटचा दांडा आत ठेवूनच भोक बंद करावं लागतं. कापडाचा बोळा हा उपाय नव्हे. हे सांगावं लागतंय, कारण मी तो डोळ्यांनी बघितलाय.

तपासणी

इथवरचं काम माझ्या हातचं. पुढची चाकं मोकळी करायचं काम भाच्यानं एका गॅरेजला दिलं होतं. त्यांनी दोन्ही बाजूंचे शाफ्ट मुळासकट काढले, हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, भोकावर टेप चिकटवली आणि गाडी ट्रेलरवर चढवून दिली. पहिलं बेअरिंग एका रविवारात खलास.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून दुसऱ्या खेपेला हबमधून जाड बोल्ट घातला, दोन बाजूंना दोन वॉशर, आणि नट आवळला. ते महिनाभर टिकलं. तिसऱ्या खेपेला बोल्ट आणखी जाड घेतला, नटाला चिकटवणारं द्रव लावलं. पाच आठवडे. मग मला फोन.

लक्षणं मी खोदून खोदून विचारली. चाळीसच्या पुढं घों-घों, उजवीकडं वळलं की आवाज वाढतो, डावीकडं वळलं की कमी होतो. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे डावं बेअरिंग हे बरोबर. पण त्यानं आणखी एक बोललं आणि ते मला महत्त्वाचं वाटलं. "मामा, एक आडवी फेरी मारली आणि मग ब्रेक दाबला की पॅडल खोल जातंय. दुसऱ्यांदा दाबलं की बरोबर येतंय."

ब्रेकमध्ये हवा असती तर पॅडल दर वेळी स्पंजासारखं लागलं असतं. इथं हब डुलतोय. त्याच्याबरोबर डिस्क डुलते, डिस्क पॅडना मागं ढकलते, म्हणून पुढचं पहिलं दाबणं त्या पॅडना परत जवळ आणण्यात वाया जातं. यार्डात हसण्यावारी जाईल, पण जोतिबाच्या उतारावर हाच प्रकार झाला असता तर हसायला कोण उरलं असतं?

गाडी जॅकवर घेतली. चाक वर आणि खाली धरून हलवलं, खटखट. इथं एक साधी परीक्षा आहे, पैसे लागत नाहीत. एकाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक परत हलवा. खटखट बंद झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा आणखी काही. आमची बंद झाली. मग चाक हातानं फिरवून दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर ठेवली. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लगेच कळते, कानाला कळायच्या आधी.

डायल गेज लावला. हबची आतबाहेर ढिलाई या गाडीला ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. काटा ०.४ वर गेला.

मग बोल्ट खोलला. आतल्या बाजूचा वॉशर पुसून सरफेस प्लेटवर ठेवला आणि भाच्याला म्हटलं, बघ. वॉशर ताटलीसारखा वाकला होता. खाली नख जाईल एवढी फट. दुसऱ्या तोंडावर बेअरिंगच्या रेसचा, म्हणजे पोलादी कड्याचा, ठसा उमटला होता, पण पूर्ण गोल नव्हता. अर्ध्या बाजूला आरशासारखा चकचकीत, अर्ध्या बाजूला नुसता गंज. म्हणजे तो वॉशर रेसला एकाच बाजूनं टेकत होता.

"म्हंजे बेअरिंग चांगलंच हुतं?"

"तिन्ही."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. तिन्ही बिलांची बेरीज करत असावा.

शाफ्टचं दुसरं काम

पुढचा ड्राइव्ह शाफ्ट चाक फिरवतो, हे सगळ्यांना दिसतं. तो आणखी एक काम करतो, ते कुणाला दिसत नाही. या गाड्यांच्या पुढच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि आतली रेस दोन तुकड्यांत असते. ते दोन तुकडे एकमेकांवर घट्ट दाबलेले राहिले तरच गोळ्यांवर योग्य ताण राहतो. तो दाब कोण देतं? बाहेरच्या जॉइंटचा जाड खांदा आतल्या बाजूनं, आणि ॲक्सल नट बाहेरच्या बाजूनं. मधे हब आणि बेअरिंग चिमट्यात धरलेलं. शाफ्ट काढला की चिमटा सुटतो, रेसचे तुकडे अलग सरकायला लागतात, गोळ्या कडेवर चढतात.

म्हणूनच शाफ्ट काढलेली गाडी चाकांवर उभीसुद्धा करू नये, ढकलणं तर दूरच. आमचं पहिलं बेअरिंग बहुधा ट्रेलरवर चढतानाच मेलं होतं. रविवारी फक्त तेरावं झालं.

बोल्ट-वॉशरची कल्पना तत्त्वतः चूक नाही. पण बाजारातला वॉशर मऊ लोखंडाचा असतो, त्याला मधे मोठं भोक आणि तोंड सपाट असेलच असं नाही. ॲक्सल नटाचा टॉर्क वर्ष-मॉडेलप्रमाणे १८० ते २२० न्यूटन मीटरच्या घरात असतो. तेवढ्या ताणाखाली मऊ वॉशर बसतो, वाकतो, आणि तो जेवढा बसला तेवढा ताण गेला. नट जागच्या जागी असतो, खूण केलेला रंगही सरकत नाही, आणि चिमटा मात्र ढिला. चिकटवणाऱ्या द्रवानं नट फिरायचा थांबतो. वॉशर बसायचा थांबत नाही.

मी आमच्या लेथवाल्या आप्पांकडं गेलो. म्हटलं, ईएन २४ मधे मशरूमसारखा तुकडा काढू, खांदा बरोबर रेसच्या मापाचा, तोंड ग्राइंड करून. आप्पांनी जुना शाफ्ट हातात घेतला, उलटा-पालटा केला आणि म्हणाले, "ह्योच की रं त्यो तुकडा. जपान्यानं आधीच काढून ठेवलाय." लेथवाल्यानं गिऱ्हाइकाला 'काम करू नका' सांगितल्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

बरोबरच होतं. काढलेला शाफ्ट कोपऱ्यात पडला होता. त्याचा बाहेरचा जॉइंट दांड्यावरून उतरवायचा. आतल्या सर्कलिपच्या पकडीत असतो, पितळी ठोकण्यानं एक खमका टोला दिला की निघतो. मग जॉइंटमधला पिंजरा तिरका करायचा, एकेक गोळी वर येते. सहा गोळ्या, पिंजरा आणि मधला तारा निघाला की हातात उरते एक पोकळ वाटी आणि तिला जोडलेला दातेरी दांडा. तेच हवंय. दांड्याचे दाते हबमध्ये बसतात, वाटीच्या मागचा खांदा रेसवर टेकतो, बाहेरून नट. कंपनीनं दिलेलं माप, कंपनीनं दिलेला कडकपणा.

यासाठी चांगला शाफ्ट मोडू नका. वळताना टकटक करणारा, कुणी भंगारात टाकलेला शाफ्ट आणा. टकटक गोळ्यांच्या खाचांमधली असते, आपल्याला खाचा नकोतच. दाते, आटे आणि खांद्याचं तोंड मात्र नीट बघा. काही गाड्यांत एबीएसची दातेरी रिंग याच वाटीवर असते, ती तशीच राहू द्या, नाहीतर मीटरमध्ये दिवा लागून बसतो. वाटीतलं जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, नाहीतर फिरताना उडून डिस्कवर बसतं. तोंडावर पत्र्याची चकती ठोकली की आत चिखल साठत नाही. वाटीची कड आतल्या सीलला आडोसाही देते. बोल्ट-वॉशरवाल्यांच्या सीलमध्ये आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी जातं, ते वेगळंच.

नवं बेअरिंग घालण्याआधी हब मोजा

मी इथं थांबलो असतो तर चौथा फोन आला असता.

रेस ढिली झाली की ती हबच्या गळ्यावर फिरायला लागते. हबचा गळा घासून बारीक होतो. मग त्यावर कितीही महागडं बेअरिंग चढवा, पकड मिळत नाही. आमच्या डाव्या हबच्या गळ्यावर निळसर करपल्याचा पट्टा होता आणि मायक्रोमीटरनं उजव्या हबपेक्षा माप कमी आलं. हब बदलला. पंचिंग करून, म्हणजे गळ्यावर ठोके मारून फुगवून, रेस घट्ट बसवणारे महाभाग आहेत. ते रविवारपुरतं ठीक.

प्रेसवर एकच पथ्य. नकलमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या घरात, ते घालताना दाब बाहेरच्या रेसवर, आणि हब घालताना खालून आधार आतल्या रेसला. उलटं केलं तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. प्रेसवाल्याच्या शेजारी उभं राहा. त्याला राग आला तर चहा पाजा.

नट नवा घ्यायचा, एकदाच वापरायचा प्रकार आहे तो. चाक हवेत असताना, आत बसलेल्यानं ब्रेक दाबून धरलेला असताना, टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायचा, मग कॉलर खाचेत दाबायची. तोवर गाडी खाली उतरवायची नाही. न्युमॅटिक गननं 'बसला असंल' असं म्हणणाऱ्याला गन खाली ठेवायला सांगा.

हे सगळं झाल्यावर गेज परत लावला. काटा ०.०२.

उजवी बाजू वाजत नव्हती, तरी तिथंही हेच केलं. तिचा वॉशरही वाकायला लागलेला होता, फक्त थोडा मागं होता.

दुसऱ्या गाड्यांबद्दल

आता लोक विचारणार, माझी अमुक आहे, तिला चालेल का. चारही चाकं ओढणाऱ्या सगळ्या गाड्या एका जातीच्या नसतात. निसानच्या आर ३२ जीटी-आरमध्ये मूळ ओढा मागंच असतो, पुढचा क्लच गरजेपुरता दाबला जातो. तिथं पूर्वीपासून लोक नुसता फ्यूज काढून रिअर-व्हील करत आलेत. टॉर्सेन जातीचा मधला डिफरन्शियल असलेली, उभ्या इंजिनाची ऑडी असेल तर पुढचे शाफ्ट काढल्यावर ती जागची हलणार नाही. टॉर्सेन कमी पकडीच्या बाजूला जेवढा टॉर्क असेल त्याच्या काही पट दुसरीकडं देतो, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. आडव्या इंजिनाच्या, हॅल्डेक्स क्लचवाल्या ऑडी टीटीच्या वाटेला जाऊ नका. ती मुळात पुढच्या चाकांची गाडी, मागचा ओढा नंतर चिकटवलेला. बीएमडब्ल्यूच्या २०१८ च्या एम ५ मध्ये तर कंपनीनंच टू-व्हीलचा पर्याय दिलाय. तेवढे पैसे असणाऱ्याला उद्यमनगरात यायची गरज पडत नाही. पण कुठल्याही गाडीच्या पुढच्या हबमधून शाफ्ट काढणार असाल, तर बेअरिंगला चिमटा कोण देतंय हे आधी बघा.

आणि मागं लक्ष ठेवा. आधी दोघांत वाटलेली ताकद आता एकटा मागचा डिफरन्शियल खातो. आमच्यात आर १६० आहे, क्राऊन गिअर १६० मिलिमीटरचा. इम्प्रेझाच्याच जास्त ताकदीच्या एसटीआय मॉडेलमध्ये आर १८० यायचा. क्लच आपटून सुटणाऱ्याचा १६० फार दिवस टिकणार नाही, आणि भाचा क्लच आपटूनच सोडतो.

हे लिहितोय तेव्हा गाडी सहा रविवार फिरलीय. दर दुसऱ्या रविवारी मी गेज लावतो, काटा ०.०२ वरच आहे. काल भाच्याचा परत फोन आला.

"मामा, वाजाय लागलंय."

"कुठलं?"

"मागचं."